पत्राचे वजन आणि पडद्याची मर्यादा

भारतात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झाले. कार्ड लिहिणाऱ्यास जागेची मर्यादा प्रथमपासून डोळ्यांसमोर दिसत असे. तळ जवळ येऊ लागला की अक्षर बारीक होई, ओळी दाटीने बसत, आणि अखेरचा नमस्कार समासात आडवा लिहिला जाई. परंतु जे कार्डावर मावले ते सर्वच्या सर्व वाचणाऱ्याच्या हाती पडे. टपालखाते कार्डाचा खालचा भाग कापून ठेवून वरचा तेवढा घरपोच करीत नसे.

ई-मेलच्या बाबतीत स्थिती निराळी आहे. येथे लिहिणाऱ्यापुढे कागदाचा काठ नसतो. हवे तेवढे लिहावे, हवी तेवढी चित्रे जोडावी, रंग द्यावेत, चौकटी आखाव्यात. कोणी अडवीत नाही. पण पत्र वाचणाऱ्याच्या पडद्यावर उमटते तेव्हा काही वेळा ते अर्ध्यावरच तुटलेले असते. खाली एक लहानशी सूचना असते : संदेश कापला आहे, संपूर्ण पाहावयाचा असल्यास येथे दाबा. बहुतेक लोक दाबीत नाहीत. पाठविणाऱ्यास मात्र आपले पत्र कापले गेले याचा पत्ताही नसतो.

व्यापारी जाहिरातपत्रांच्या बाबतीत हा प्रकार विशेष आढळतो. तो का घडतो, आणि मराठी किंवा कानडी भाषेत लिहिलेले पत्र इंग्रजी पत्रापेक्षा लवकर का कापले जाते, हे समजण्यास गणित फारसे लागत नाही. थोडी बेरीज व गुणाकार पुरेसा होतो.

पहिले जाहिरातपत्र

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठविण्याची सोय अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केली. सात वर्षे हे टपाल संशोधकांच्या कामकाजापुरते राहिले. १९७८ च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या विक्रीविभागातील गॅरी थर्क यांनी नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण सुमारे चारशे जणांना एकदम धाडले. अनेकांना न मागता पाठविलेले पहिले व्यापारी ई-मेल म्हणून त्याची नोंद केली जाते.

या पत्राची जी गत झाली ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. पत्र पाठविणाऱ्या कार्यक्रमात पत्त्यांसाठी ठरावीक जागा राखलेली होती. चारशे पत्ते त्या जागेत मावले नाहीत. उरलेले पत्ते पुढे सांडले आणि थेट पत्राच्या मजकुरात जाऊन बसले. परिणाम असा झाला की, ज्यांचे पत्ते सांडले त्यांना पत्र मिळाले नाही. आणि ज्यांना मिळाले त्यांना आमंत्रणाआधी पत्त्यांची लांबलचक यादी वाचावी लागली. अशा रीतीने पहिल्याच जाहिरातपत्रात आकारमानाने मांडणी बिघडविली. पाठविणाऱ्यास न दिसणारी मर्यादा आणि वाचणाऱ्यास भोगावा लागणारा परिणाम ही जोडी तेव्हापासून चालत आली आहे.

बेंगळुरूची अरुंद वाट

भारतात या टपालाचा पाया एर्नेट या शैक्षणिक व संशोधन जाळ्याने घातला. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने हे काम हाती घेतले. त्यात पाच आय. आय. टी., मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा समावेश होता. आरंभी केवळ ई-मेल हीच सेवा उपलब्ध होती. १९९२ पर्यंत या संस्था सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या भाड्याच्या तारांनी एकमेकींशी जोडल्या गेल्या.

९,६०० बिट म्हणजे किती? संगणक सर्व काही शून्य आणि एक या दोन खुणांनी लिहितो. अशा एका खुणेस बिट म्हणतात, आणि आठ बिटांचा मिळून एक बाइट होतो. रोमन लिपीतील एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. तेव्हा त्या तारेतून सेकंदास सुमारे १,२०० रोमन अक्षरे जात. दोन हजार अक्षरांचे साधे पत्र दोन सेकंदांच्या आत पोहोचे. आजच्या जाहिरातपत्राचे निव्वळ लेखी अंग, चित्रे वगळूनही, शंभर किलोबाइटांच्या आसपास असू शकते. तेवढे पत्र त्या तारेतून जाण्यास सुमारे दीड मिनिट लागले असते. आणि ती वाट अनेकांनी मिळून वापरावयाची होती. अशा काळात पत्र आटोपशीर ठेवणे हा सभ्यतेचा भाग होता. तो कोणास शिकवावा लागत नसे. तारच तो शिकवीत असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे तारा रुंद झाल्या, यंत्रे स्वस्त झाली, आणि मर्यादेचा हा धडा विस्मरणात गेला.

तळाची ओळ

याच सुमारास बेंगळुरूत शालेय शिक्षण झालेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत हॉटमेल ही विनामूल्य टपालसेवा काढली. ती ४ जुलै १९९६ रोजी सुरू झाली. प्रत्येकास मिळणारी पेटी दोन मेगाबाइटांची होती. शंभर किलोबाइटांची वीस पत्रे आली की ती भरून जावी, एवढी ती लहान होती.

हॉटमेलचा प्रसार ज्या युक्तीने झाला ती साधी होती. या सेवेतून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या अगदी तळाशी, हॉटमेलवर विनामूल्य ई-मेल मिळवा, अशा अर्थाची एक ओळ आपोआप जोडली जाई. पत्र आईला लिहिलेले असो वा मित्राला, वाचणारा तळापर्यंत येई आणि ती ओळ वाची. दीड वर्षाच्या आत सदस्य लक्षावधींच्या घरात गेले, आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती सेवा विकत घेतली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती ओळ काही थोड्या बाइटांची होती, आणि पत्रेही लहान होती. म्हणून पत्राचा तळ ही जाहिरातीची उत्तम जागा ठरली. आज जाहिरातपत्रे फुगली आहेत. आणि पत्र कापले जाते तेव्हा सर्वप्रथम नाहीसा होतो तो तळच.

कात्री कोठे चालते

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल सुरू केले, तेव्हा प्रत्येकास एक गिगाबाइटाची पेटी दिली. हॉटमेलच्या पहिल्या पेटीच्या ती सुमारे पाचशेपट होती. पेटी भरण्याची भीती उरली नाही. पण पेटीत मावणे आणि पडद्यावर उमटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जीमेलमध्ये एखाद्या संदेशाचा लेखी भाग सुमारे १०२ किलोबाइटांपेक्षा मोठा झाला, तर पडद्यावर तेवढाच भाग दाखविला जातो आणि पुढचा दडविला जातो. तो नष्ट होत नाही. सूचनेवर दाबले असता वेगळ्या पानावर संपूर्ण पत्र उघडते. सर्वच टपालसेवा हा नियम पाळतात असे नाही. परंतु भारतात जीमेल वापरणाऱ्यांची संख्या फार मोठी असल्यामुळे, पाठविणाऱ्यास या मर्यादेकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

मर्यादेत काय मोजले जाते याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. जाहिरातपत्रातील छायाचित्रे सामान्यतः पत्रात नसतातच. ती दुकानाच्या संगणकावर ठेवलेली असतात, आणि पत्रात केवळ त्यांचा पत्ता असतो; पत्र उघडताच पडदा त्या पत्त्यावरून चित्र मागवून घेतो. म्हणून अशा चित्रांचे वजन या मोजणीत धरले जात नाही. मोजली जाते ती पत्राची लेखी संहिता. तिच्यात दोन गोष्टी असतात : वाचावयाचा मजकूर, आणि तो मजकूर कसा मांडावा हे सांगणाऱ्या सूचना. या सूचना एचटीएमएल नावाच्या सांकेतिक भाषेत लिहिलेल्या असतात. अमुक ओळ ठळक करा, तमुक चौकट पिवळी करा, येथे दाबले असता अमुक पानावर न्या, अशा त्या सूचना असतात. वाचणाऱ्यास त्या दिसत नाहीत. पण वजन त्यांचेच अधिक असते.

लग्नाच्या रुखवतात लाडवांपेक्षा त्यांना सजविणारे कागद, मणी आणि रेशीम यांनीच ताट भरून जावे, तसा हा प्रकार आहे. खावयाचा लाडू एक, सजावट हातभर.

अक्षराचे वजन

आता मजकुराच्या वजनाकडे वळू. रोमन लिपीचे एक अक्षर एका बाइटात मावते हे वर सांगितले. देवनागरीचे काय?

एका बाइटात आठ बिट असल्यामुळे २५६ वेगवेगळ्या खुणा लिहिता येतात. जगातील सर्व लिप्यांची चिन्हे एवढ्यात बसणे शक्य नाही. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेली इस्की ही पद्धत एका चिन्हास एकच बाइट खर्च करीत असे. परंतु तिच्यात जगातील इतर भाषांना जागा नव्हती. सर्व लिप्यांना एका क्रमात बसविण्याचे काम युनिकोड या आंतरराष्ट्रीय पद्धतीने केले. तिच्यात प्रत्येक चिन्हास एक क्रमांक असतो. हे क्रमांक बाइटांमध्ये कसे लिहावेत याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली. तिला यूटीएफ-८ म्हणतात.

या रीतीत क्रमांक १२७ पर्यंतच्या चिन्हांना एक बाइट लागतो. २०४७ पर्यंतच्या चिन्हांना दोन. आणि त्यापुढे ६५,५३५ पर्यंतच्या चिन्हांना तीन. रोमन अक्षरे पहिल्या गटात आहेत. ग्रीक, रशियन, अरबी यांची नेहमीची अक्षरे दुसऱ्या गटात आहेत. देवनागरीचा आरंभ २३०४ या क्रमांकापासून होतो, आणि कानडीचा ३२०० पासून. म्हणजे भारतीय लिप्या तिसऱ्या गटात पडतात, आणि प्रत्येक चिन्हास तीन बाइट खर्च होतात. देवनागरी दुसऱ्या गटास थोडक्यात मुकली असे म्हणावयास हरकत नाही.

शिवाय आपण ज्यास एक अक्षर म्हणतो ते संगणकाच्या लेखी अनेक चिन्हांचे असू शकते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांपैकी प्रत्येक चिन्ह स्वतंत्र मोजले जाते. ‘क्ष’ हे अक्षर क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांचे, म्हणून नऊ बाइटांचे होते. ‘बेंगळुरू’ या शब्दात डोळ्यांस चार अक्षरे दिसतात; पण ब, मात्रा, अनुस्वार, ग, ळ, उकार, र, ऊकार अशी आठ चिन्हे मिळून त्याचे चोवीस बाइट होतात. कानडी लिपीत लिहिले तरीही आठ चिन्हे आणि चोवीस बाइटच भरतात. रोमन लिपीत हेच नाव नऊ अक्षरांचे व नऊ बाइटांचे असते.

प्रवासात हे वजन आणखी वाढते. ई-मेलची वाहतूक ज्या नियमांनी चालते ते १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मांडले. त्या वेळी टपाल इंग्रजीच असणार हे गृहीत होते, म्हणून बाइटातील आठांपैकी सातच बिट वापरण्याचा नियम होता. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, नॅथॅनिएल बोरनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी इतर भाषा, चित्रे व ध्वनी या जुन्या वाटेने नेण्याची युक्ती काढली. मजकूर निघताना साध्या रोमन चिन्हांत गुंडाळावयाचा आणि पोहोचल्यावर उलगडावयाचा, अशी ती युक्ती आहे. गुंडाळण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एकीत तीन बाइटांची चार चिन्हे होतात. ‘बेंगळुरू’चे चोवीस बाइट बत्तीस होतात. दुसऱ्या रीतीत इंग्रजीव्यतिरिक्त प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. तेथे चोवीसाचे बहात्तर होतात. याच रीतीत रोमन नाव मात्र नऊचे नऊच राहते. चुकीची रीत निवडली असता मराठी पत्र वाटेत किती फुगते, हे यावरून उघड होते.

भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशात याच गोष्टीचा दुसरा अनुभव येतो. एका लघुसंदेशाची जागा १४० बाइटांची असते. त्यात सात-सात बिटांची १६० रोमन अक्षरे बसतात. पण मराठी किंवा कानडी चिन्हांना तेथे दोन-दोन बाइट लागत असल्यामुळे ७० चिन्हांवर संदेश संपतो.

चिकपेटेतील एक हिशेब

बेंगळुरूची चिकपेट रेशमी साड्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. आणि शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी भाषेशी या नगराचा संबंध आहे. समजा, तेथील एका दुकानदाराने दिवाळीनिमित्त आपल्या मराठी गिऱ्हाइकांना मराठीतून पत्र धाडावयाचे ठरविले. पत्रात छत्तीस साड्या दाखवावयाच्या आहेत.

हिशेब स्थूलमानाने असा मांडता येईल. पत्राच्या आरंभी रंग, टाइप आणि समास यांच्या सामान्य सूचना : १२ किलोबाइट. प्रत्येक साडीच्या चौकटीच्या सूचना, चित्राचा पत्ता आणि दुकानाच्या पानाचा लांबलचक पत्ता मिळून २ किलोबाइट. छत्तीस साड्यांचे ७२. आता मजकूर. प्रत्येक साडीचे वर्णन १५० चिन्हांचे धरले तर ५,४०० चिन्हे. वर नमस्कार, सणाच्या शुभेच्छा, खाली विक्रीच्या अटी व दुकानाचा पत्ता यांची १,६००. एकूण ७,००० चिन्हे. शब्दांमधील मोकळ्या जागा दोन्ही लिप्यांत एकेका बाइटाच्याच असल्यामुळे त्या येथे सोडून दिल्या आहेत.

पत्र इंग्रजीत लिहिले तर मजकुराचे ७ किलोबाइट होतात आणि बेरीज येते ९१. ते पत्र पडद्यावर संपूर्ण दिसते. तेच मराठीत लिहिले तर मजकुराचे २१ किलोबाइट होतात आणि बेरीज येते १०५. मर्यादा ओलांडली, पत्र कापले गेले.

कित्येक जुन्या लेखनसाधनांत प्रत्येक देवनागरी चिन्ह त्याच्या क्रमांकाने लिहिले जाते. ‘ब’ या चिन्हाचा क्रमांक २३४८ आहे. तो आकडा, त्याआधीच्या दोन खुणा आणि नंतरचा अर्धविराम मिळून सात बाइट होतात. असे झाले तर ७,००० चिन्हांचे ४९ किलोबाइट होऊन बेरीज १३३ वर जाते, आणि कात्री बरीच वर येते.

असा अनुभव आला की दुकानदार काय निष्कर्ष काढील? इंग्रजी पत्र नीट पोहोचले, मराठी तुटले. तेव्हा यापुढे इंग्रजीतच लिहावे, असे त्यास वाटेल. तो निष्कर्ष चुकीचा आहे. बेरजेकडे पुन्हा पाहावे. १०५ पैकी ८४ किलोबाइट सूचनांचे आहेत आणि केवळ २१ भाषेचे. मराठी सोडून इंग्रजी धरल्याने १४ किलोबाइट वाचतात. उलट प्रत्येक चौकटीची बांधणी सुधारून २ ऐवजी दीड किलोबाइटात बसविली तर १८ वाचतात. आरंभीच्या १२ पैकी निरुपयोगी सूचना काढून ६ ठेवल्या तर आणखी ६ वाचतात. एकूण २४. मराठी पत्र ८१ किलोबाइटांत, मूळच्या इंग्रजी पत्राहूनही हलके होऊन, संपूर्ण पोहोचते. भाषेचा एकही शब्द कमी करावा लागत नाही.

कापलेल्या भागात काय असते

पत्राचे शेपूट गेले तर बिघडले काय, असा प्रश्न कोणी विचारील. अखेरच्या चार साड्या दिसल्या नाहीत, एवढेच. परंतु जाहिरातपत्राच्या तळाशी काय असते ते पाहिले पाहिजे. तेथे विक्रीच्या अटी असतात. सवलत कोणत्या तारखेपर्यंत, माल परत घेतला जाईल की नाही, हे तेथे लिहिलेले असते. तेथे पाठविणाऱ्याचा खरा पत्ता असतो. आणि तेथेच, बारीक टाइपात, ‘नाव कमी करा’ ही सोय असते. पत्र नको असलेल्या माणसास ते थांबविण्याचा जो अधिकार आहे, तो बजावण्याचे दारच तळाशी असते. पत्र कापले की ते दार दिसेनासे होते.

दार सापडले नाही म्हणजे माणूस त्रासतो, आणि त्या पत्रावर नकोशा टपालाचा शिक्का मारतो. असे शिक्के वाढले की टपालसेवा त्या दुकानाची पुढची पत्रे मुख्य पेटीत न घालता अडगळीत टाकू लागते. मग ज्यांना पत्र हवे होते त्यांनाही ते मिळत नाही. अशा प्रकारे थोड्या किलोबाइटांच्या निष्काळजीपणाने गिऱ्हाईक आणि दुकानदार या दोघांचेही नुकसान होते.

तळाशी आणखी एक वस्तू असते, तिची माहिती वाचकास असावी. पुष्कळ जाहिरातपत्रांत एका ठिपक्याएवढे अदृश्य चित्र दडविलेले असते. पत्र उघडले की पडदा ते चित्र मागवितो, आणि त्या मागणीवरून पत्र वाचले गेले अशी नोंद पाठविणाऱ्याकडे होते. पत्र कापले गेले आणि ठिपका कापलेल्या भागात राहिला, तर वाचलेले पत्रही न वाचलेले म्हणून नोंदले जाते. दुसऱ्या बाजूस, ॲपल कंपनीने २०२१ साली आपल्या टपालसाधनात अशी चित्रे वाचकाने पत्र उघडण्यापूर्वीच मागवून ठेवण्याची सोय केली. तेथे न वाचलेले पत्रही वाचलेले ठरते. तेव्हा या मोजणीवर विसंबून गिऱ्हाइकांची आवड ठरविणे शहाणपणाचे नाही.

नाव कमी करण्याच्या बाबतीत मात्र अलीकडे सुधारणा झाली आहे. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांनी आपल्या जाहिरातपत्रांत एका दाबासरशी नाव कमी करण्याची सोय द्यावी, असा नियम गूगलने २०२४ साली लागू केला. याहूनेही तसाच नियम केला. ही सोय पत्राच्या पोटात नसून त्याच्या शिरोभागात, म्हणजे पाकिटावरच, नोंदलेली असते. त्यामुळे पत्राचे शेपूट तुटले तरी ती शाबूत राहते. लहान पाठविणाऱ्यांवर हे बंधन नाही. तथापि ती सोय त्यांनीही द्यावी हे उचित होय.

उपाय

मर्यादेवरचे उपाय कष्टाचे नाहीत. सर्वप्रथम, पत्र धाडण्यापूर्वी त्याचे वजन पाहावे. पत्राची संहिता साठवून ठेवली की संगणक तिचे किलोबाइट सांगतो. मराठी व कानडी पत्रांसाठी शंभराच्या बरेच खाली थांबणे इष्ट. कारण गिऱ्हाइकागणिक बदलणारे नाव आणि लांबलेले पत्ते शेवटच्या क्षणी भर घालतात.

दुसरे, मजकूर इतर लेखनसाधनातून उचलून जसाच्या तसा चिकटवू नये. त्याबरोबर त्या साधनाच्या शेकडो अदृश्य सूचनाही येतात. मजकूर साधा करून घ्यावा आणि मग आवश्यक तेवढी सजावट करावी. चिन्हे क्रमांकांनी न लिहिता सरळ देवनागरीतच लिहिली जात आहेत याची खात्री करून घ्यावी.

तिसरे, पत्रात सर्व दुकान मांडू नये. सहा साड्या दाखवून उरलेल्यांसाठी दुकानाच्या पानाचा पत्ता द्यावा. महत्त्वाची अट, तारीख आणि नाव कमी करण्याची सोय वरच्या भागात आणावी.

एक पळवाट मात्र टाळावी. संपूर्ण पत्राचे एकच चित्र करून पाठविले तर संहिता लहान राहते आणि कात्री लागत नाही, हे खरे आहे. पण ज्याच्या पडद्यावर चित्रे बंद आहेत त्यास कोरी चौकट दिसते. आणि जे अंध वाचक पडद्यावरील मजकूर यंत्राकडून वाचून घेतात त्यांना त्या चित्रातून एक शब्दही ऐकू येत नाही. मर्यादा पाळण्यासाठी वाचकासच वगळणे हा उपाय नव्हे.

हे सर्व केवळ दुकानदारांसाठी आहे असेही नाही. गणेशोत्सवाचे निवेदन धाडणारे मंडळ, परीक्षेचे वेळापत्रक कळविणारी शाळा, नव्या पुस्तकांची यादी पाठविणारे ग्रंथालय, या सर्वांची पत्रे त्याच वाटेने जातात आणि त्याच मर्यादेखाली येतात. शाळेतील विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचे नाव घेऊन त्याची चिन्हे मोजावीत, तिनाने गुणावे, आणि रोमन लिपीतील अक्षरांशी ताडून पाहावे. विषय हाती येण्यास एवढे पुरे.

जुन्या पोस्टकार्डाने लिहिणाऱ्यास काठ दाखविला होता. आजच्या पत्रास काठ आहेच. फरक इतकाच की तो लिहिणाऱ्याच्या बाजूस दिसत नाही, वाचणाऱ्याच्या बाजूस दिसतो. म्हणून तो मोजून ओळखावा लागतो. देवनागरी अक्षराचे वजन तिप्पट आहे, आणि ते कमी करणे पाठविणाऱ्याच्या हाती नाही. पण ताटातील सजावट कमी करणे त्याच्या हाती आहे, आणि तेवढ्याने अखेरच्या नमस्कारापर्यंत सर्व पत्र पोहोचते.